सुएझपासून पोर्ट सैदपर्यंत

मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या जुन्या आगबोटींवर एक ठरलेली चाल होती. बोट सुएझला पोंचली कीं उतारूंचे दोन तट पडत. एक तट डेकवरच्या खुर्च्या न सोडतां कालव्याच्या संथ प्रवासास सिद्ध होई. दुसरा तट किनाऱ्यावर उतरे, वाळवंटांतून मोटारीनें कैरो गांठी, पिरॅमिड पाही, स्फिंक्सपुढें उभा राहून छायाचित्र काढवून घेई, बाजारांत चार वस्तु विकत घेई आणि तोंवर कालवा ओलांडून पोर्ट सैदला आलेल्या त्याच बोटीवर पुन्हा चढे. त्या बोटींचा काळ आतां संपला. विमानांनीं तो संपविला. शिवाय १९६७ पासून १९७५ पर्यंत कालवाच बंद होता. पण ती सहल मात्र संपली नाहीं. आजही सुखसफरीच्या मोठमोठ्या बोटी सुएझच्या आखातांतील सोखना बंदरांत, नाहीं तर भूमध्यसमुद्राच्या बाजूस पोर्ट सैदला किंवा अलेक्झांड्रियाला, उतारूंना एका दिवसापुरतें किनाऱ्यावर सोडतात आणि रात्रीं मोजून परत घेतात. ह्या एका दिवसांत माणसाच्या दृष्टीस काय पडतें आणि डोळ्यांदेखत काय निसटून जातें, ह्याविषयीं आज आपल्याशीं थोडें बोलावयाचें आहे.

पूर्वीं कैरो पाहणें ही हौस नव्हती, गरज होती. कालवा होण्याआधीं मुंबईचे उतारू व टपाल सुएझपर्यंत आगबोटीनें जाई. तेथून वाळवंट तुडवीत कैरोस, कैरोहून नाईल नदीनें अलेक्झांड्रियास, आणि तेथें युरोपास जाणारी दुसरी आगबोट. आपल्या मुंबईच्या गोदी बांधणाऱ्या वाडिया घराण्यांतील अर्देशीर कर्सेटजी हे १८३९ सालीं ह्याच वाटेनें इंग्लंडला गेले व त्या प्रवासाची रोजनिशी त्यांनीं छापून प्रसिद्ध केली. पुढें १८५८ त कैरोहून सुएझला आगगाडी आली आणि वाळवंटाचा त्रास वांचला. मग १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं कालवा उघडला, आणि त्या दिवसापासून कैरो हें वाटेवरचें गांव राहिलें नाहीं. तें मुद्दाम वांकडी वाट करून पाहावयाचें स्थळ झालें. ह्यांत एक मौज अशी, कीं जो उतारू पिरॅमिड पाहण्यासाठीं बोट सोडतो, त्याला कालवा पाहावयास मिळत नाहीं. साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या आसपासचें बांधकाम पाहण्याच्या नादांत दीडशें वर्षांपूर्वींचें बांधकाम त्याच्या पाठीमागें राहतें. ही गोष्ट लक्षांत असूं द्यावी. तिच्याकडे शेवटीं पुन्हा वळावयाचें आहे.

सहल खरें म्हणजे किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वींच सुरू होते, पण हें सहल काढणाऱ्यांच्या गांवींही नसतें. बोट लाल समुद्र सोडून सुएझच्या आखातांत शिरली, कीं डाव्या हातास आफ्रिकेचा ओसाड, तांबूस डोंगरांचा किनारा लागतो. सुएझच्या दक्षिणेस सुमारें १२० किलोमीटरवर ह्या किनाऱ्यावर वादी अल्-जर्फ नांवाची जागा आहे. समुद्रांत बांधलेल्या एका जुन्या धक्क्याचे अवशेष तेथें आहेत आणि किनाऱ्यापासून आंत डोंगराच्या पायथ्याशीं खडकांत कोरलेल्या लांबट गुहा आहेत. मोसम संपला कीं नौकांच्या फळ्या सुट्या करून ह्या गुहांत ठेवीत आणि तोंडाशीं मोठाल्या शिळा लोटून गुहा बंद करीत. हें बंदर खुफू राजाच्या काळचें, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वींचें. मानवानें बांधलेलें ह्याहून जुनें बंदर अद्याप कोणास सांपडलेलें नाहीं.

२०१३ सालीं पिएर तालें ह्या फ्रेंच संशोधकाच्या नेतृत्वाखालीं तेथें उत्खनन चाललें असतां, ह्या शिळांच्या खांचांत पपायरसच्या कागदांचे तुकडे मिळाले. लिहिलेला असा ह्याहून जुना पपायरस आजवर मिळालेला नाहीं. आणि त्यावर लिहिलें होतें काय? स्तोत्रें नव्हत, राजाची स्तुति नव्हे. एका मुकादमाची ती रोजकीर्द होती! मेरेर हें त्याचें नांव. सुमारें चाळीस माणसांची टोळी त्याच्या हाताखालीं होती. नाईलच्या पूर्व तीरावर तुरा येथें पांढऱ्या, गुळगुळीत चुनखडी दगडाच्या खाणी आहेत. तेथें नौकेंत चिरे भरावयाचे, पुरानें फुगलेल्या नदींतून व तिच्यापासून काढलेल्या कालव्यांतून ते गीझाच्या पायथ्याशीं न्यावयाचे, उतरवावयाचे आणि रिकामी नौका घेऊन परत यावयाचें. आज खाणींत मुक्काम, उद्यां नौकेंत, परवां गीझा. दहा दिवसांत अशा दोन किंवा तीन फेऱ्या होत. खुफूचा सावत्र भाऊ आंखहाफ हा त्या कामावर देखरेख करणारा अधिकारी म्हणून ह्या कागदांत भेटतो. पिरॅमिडाचें नांव त्यांत ‘खुफूचें क्षितिज’ असें आहे. गीझाचें काम आटोपल्यावर ही टोळी पुढें लाल समुद्राच्या ह्या बंदरावर पाठविली गेली. म्हणून तिचे कागद येथें, पिरॅमिडापासून इतक्या दूर, राहिले. जगांतील सर्वांत प्रसिद्ध इमारतीविषयीं तिच्याच काळचा हा एवढा तपशीलवार लेख आहे, आणि तो राजाच्या भाटानें नव्हे, तर दगड वाहणाऱ्या टोळीच्या नायकानें लिहून ठेविला आहे. आगबोट ह्या किनाऱ्यावरून बहुधा रात्रीं जाते, आणि डेकवर नाच चाललेला असतो.

आतां गीझा. मोठ्या पिरॅमिडाची प्रत्येक बाजू २३० मीटर, मूळची उंची १४६ मीटरांच्या वर, आजची सुमारें १३८; दगड अजमासें तेवीस लाख. हे आंकडे प्रत्येक वाटाड्या तोंडपाठ म्हणतो, आणि ते खरेहि आहेत. पण आंकड्यांपाठोपाठ तो एक गोष्ट सांगतो ती खरी नाहीं. लाखों गुलामांच्या पाठीवर आसूड उडवून हें काम करून घेतलें, ही ती गोष्ट. तिचें मूळ बरेंच जुनें आहे. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत येथें आला. एक लाख माणसें तीन तीन महिन्यांच्या पाळीनें वीस वर्षें राबत होतीं, असें त्यानें लिहून ठेविलें. मजुरांनीं खाल्लेल्या मुळ्यांचा, कांद्यांचा आणि लसणाचा खर्च पिरॅमिडावर कोरलेला आहे, असेंहि त्याला दुभाष्यानें वाचून दाखविलें. वाटाडे लोक तेव्हांपासून फारसे बदललेले दिसत नाहींत.

ज्यांना खरेंच हे बांधणारे हात पाहावयाचे असतील, त्यांनीं स्फिंक्सच्या दक्षिणेस थोडें चालत जावें. तेथें ‘कावळ्याची भिंत’ म्हणून एक प्रचंड दगडी भिंत आहे. तिच्या पलीकडे मार्क लेहनर ह्या अमेरिकन पुरातत्त्वज्ञानें १९८८ पासून खणून कामगारांची वसाहत उजेडांत आणली. पाव भाजण्याच्या भट्ट्या, झोंपण्याच्या लांबच लांब ओसऱ्या आणि गुरांच्या, शेळ्यामेंढ्यांच्या हाडांचे ढीग तेथें निघाले. १९९० सालीं जवळच्याच वाळूंत एका घोड्याचा पाय अडखळला आणि एक विटांची भिंत उघडी पडली. झाही हवास यांनीं पुढें खणलें तेव्हां ती कामगारांची दफनभूमि निघाली. राजाच्या पिरॅमिडाच्या सावलींत, मानानें पुरलेलीं हीं माणसें. कित्येकांच्या पाठीचे मणके झिजलेले आहेत. कित्येकांचीं मोडलेलीं हाडें नीट जुळवून बसविलेलीं आहेत. कामगारांची संख्या आजचे संशोधक लाखाची नव्हे, वीस हजारांच्या आसपासची मानतात. काम सक्तीचें नव्हतें असें ह्यावरून सिद्ध होत नाहीं. गांवोगांवहून पाळीपाळीनें माणसें बोलावलीं जात, आणि राजाचें बोलावणें म्हणजे कांहीं विनंती नसे. पण बाजारांत विकत घेतलेले गुलाम ते नव्हते. टोळ्यांनीं दगडांवर आपापलीं नांवें रंगवून ठेविलीं आहेत. एका टोळीचें नांव ‘खुफूचे मित्र’ आणि दुसरीचें ‘मेनकौरेचे मद्यपी’. आसुडाखालीं मान घातलेला माणूस स्वतःच्या टोळीला असलें नांव देत नसतो, असें मला वाटतें.

पिरॅमिडाजवळ गेल्यावर पुष्कळांचा थोडा विरस होतो. चित्रांतला तो रेखीव त्रिकोण जवळून ओबडधोबड पायऱ्यांचा डोंगर दिसतो. ह्याचें कारण साधें आहे. आपण पाहतों तें आंतलें भरड काम. बाहेरचे घडीव पांढरे चिरे, मेरेरच्या टोळीनें नौकांतून आणलेले ते तुऱ्याचे चिरे, आतां तेथें नाहींत. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडाच्या टोंकाशीं तेवढी त्यांची एक टोपी शिल्लक आहे. मग बाकीचे गेले कोठें? वाटाडे ह्या ठिकाणीं गप्प बसतात, कारण घड्याळाकडे पाहून बाजाराकडे निघण्याची त्यांना घाई असते. पण उत्तर त्याच वाटेवर आहे. ते चिरे नदी ओलांडून कैरो शहरांत गेले.

कैरो हें इजिप्तच्या मानानें अगदीं अलीकडचें शहर. अरब सेनापति अम्र इब्न अल्-आस यानें सातव्या शतकांत देश जिंकला व रोमन किल्ल्याशेजारीं फुस्तात नांवाचें ठाणें वसविलें. त्याच्या उत्तरेस ९६९ सालीं फातिमी खलिफांचा सेनापति जौहर यानें नव्या राजधानीची आंखणी केली; तें कैरो. पुढें सलाहुद्दीन आला. ११७६ च्या सुमारास त्यानें टेकडीवर किल्ला बांधावयास घेतला आणि त्या कामावरील त्याचा अधिकारी कराकुश ह्यानें गीझाचे लहान पिरॅमिड पाडून त्यांचा दगड बांधकामास आणला. बगदादचा वैद्य अब्द अल्-लतीफ कैरोंत होता. त्यानें ही हकीकत लिहून ठेविली आहे. त्यानेंच पाहिलेली दुसरी गोष्ट तर विनोदी म्हणावी अशी आहे. सलाहुद्दीनाचा मुलगा अल्-अझीझ यानें ११९६ सालीं तिसरा पिरॅमिड, मेनकौरेचा, पाडून टाकण्याचा हुकूम दिला. पाथरवट, सुरुंगवाले, पहारी, दोरखंड असा सारा सरंजाम तळ देऊन बसला. दिवसाकांठीं एक किंवा दोन दगड निघत. निघालेला दगड वाळूंत रुते आणि तो पुन्हा वर काढून फोडतां फोडतां दम निघून जाई. आठ महिन्यांनीं त्यांनीं नाद सोडला. त्यांच्या श्रमाचें फळ म्हणजे पिरॅमिडाच्या उत्तर अंगावरची उभी खांच. ती आजहि दिसते. बांधण्यापेक्षां पाडणें महाग पडलें!

पुढें १३०३ च्या ऑगस्टांत मोठा भूकंप झाला. मोठ्या पिरॅमिडाचे बाहेरचे चिरे ढिले झाले, आणि कैरोच्या बांधकामांना आयती खाण मिळाली. सुलतान हसनची मशीद १३५६ त सुरू झाली. तिच्या त्या उंच, गंभीर भिंतींत हे चिरे आहेत असें परंपरा सांगते. जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यानें जातांना बैबर्स अल्-जाशनकीर यानें चौदाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेला सूफींचा मठ लागतो. त्याच्या दाराचा उंबरठा म्हणून टाकलेल्या शिळेवर फेरोंच्या काळचीं चित्राक्षरें आहेत. शेंकडों वर्षें लोक तिच्यावरून आंत जात आहेत.

हें ऐकून कोणी हळहळतील, कोणी चिडतील. मला तसें वाटत नाहीं. आपल्याकडेहि पडक्या गढीचे दगड गांवांतल्या घरांच्या जोत्यांत गेलेले आपण पाहतों, आणि त्यावरून गांवकऱ्यांना कोणी रानटी म्हणत नाहीं. इमारत मेली, दगड राहिला. जिवंत माणसांना घर पाहिजे होतें. प्रवाशानें खेद करावयाचाच असेल तर तो निराळ्या गोष्टीचा करावा. सहलींत पिरॅमिडाला तीन तास, दुकानांना दोन तास आणि ह्या जुन्या शहराला मोटारीच्या खिडकींतून ओझरतें दर्शन, अशी जी वाटणी होते, तिचा. पिरॅमिडाचें बाहेरचें अंग पाहावयाचें असेल तर शहरांतच पाहावें लागेल, हें त्याला कोणी सांगत नाहीं.

ह्या शहरांत आपल्याहि घरचें कांहीं आहे, तें आतां सांगतों. फुस्तात ११६८ त जळलें. ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचें सैन्य चालून येत होतें. तें त्यांच्या हातीं पडूं नये म्हणून वजीर शावर यानें स्वतःच आग लावविली आणि ती ५४ दिवस जळत होती, असें मक्रीझी हा इतिहासकार लिहितो. पुढें बऱ्याच भागांत कैरोचा केर पडूं लागला. त्या उकिरड्यांच्या कोरड्या मातींतून सुती कापडाचे असंख्य तुकडे निघाले आहेत. निळ्या व तांबड्या रंगांचे, ठशांनीं छापलेले, वेलबुट्टीचे. हें कापड गुजराथचें. गुजराथच्या किनाऱ्यावरून तें एडनमार्गें व लाल समुद्रांतून तेथें जात असे, आणि मध्ययुगांतल्या कैरोंतल्या साध्यासुध्या माणसांच्या अंगावर असे.

त्याच फुस्तातमध्यें बेन एझ्रा नांवाचें यहुदी प्रार्थनामंदिर आहे. ज्या कागदावर देवाचें नांव असेल तो फाडूं वा जाळूं नये, अशी त्या समाजाची चाल. म्हणून जुने कागद एका कोठडींत टाकीत गेले. आणि पत्राच्या आरंभीं देवाचें नांव येत असल्यामुळें धर्मग्रंथांबरोबर हिशेब, करारनामे, घरगुती पत्रें सारींच त्या कोठडींत सांचलीं. १८९६-९७ त सॉलोमन शेख्टर ह्या पंडितानें त्यांतील जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत हिंदुस्थानाशीं व्यापार करणाऱ्या लोकांचा पत्रव्यवहार निघाला. अब्राहम बेन यिजू हा त्यांतला एक. ट्युनिसच्या बाजूचा हा व्यापारी ११३२ सालापासून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, मंगळुरास, सतरा वर्षें राहिला. पितळेच्या भांड्यांचा त्याचा कारखाना होता. मिरें, सुपारी, लोखंड तो एडनला धाडी. तिकडून त्याचा मित्र त्याला साखर, मनुका आणि लिहिण्याचा कागद पाठवी, कारण चांगला कागद येथें मिळत नसे. अशु नांवाची एक हिंदी दासी त्यानें मुक्त केली. त्या मुक्तिपत्रावर १७ ऑक्टोबर ११३२ ह्या दिवसाशीं जुळणारी तारीख आहे. बहुधा तिच्याशींच त्यानें लग्न केलें. त्यांची मुलगी पुढें फुस्तातमध्यें नांदली. मंगळुरांत लिहिलेले, एडनला उलगडलेले हे कागद त्या माणसाबरोबर येथवर आले व कोठडींत पडून राहिले. तें मंदिर आज पाहतां येतें. लहानसेंच आहे, अर्ध्या तासाचें काम. पण सहलीच्या पत्रकांत त्याचें नांव क्वचितच असतें.

नवें विशाल संग्रहालय २०२५ च्या नोव्हेंबरांत गीझाजवळ रीतसर उघडलें. तूतांखामेनचें सोनें पाहण्यास तेथें मोठी गर्दी होते, आणि तें सोनें पाहण्यासारखें आहेच. मी मात्र एकच वस्तु पाहा असें म्हणेन : खुफूची नौका. १९५४ सालीं पिरॅमिडाच्या पायथ्याच्या खड्ड्यांत तिचे बाराशेंहून अधिक सुटे भाग मिळाले. ते जुळवून ४३ मीटर लांबीची देवदारी नौका उभी राहिली. तिच्या फळ्या दोऱ्यांनीं शिवलेल्या आहेत. आपल्या अरबी समुद्रांतहि शतकानुशतकें शिवलेलीं गलबतें चालत होतीं, हें कोंकणच्या माणसाला सांगावयास नको.

संध्याकाळीं मोटार पोर्ट सैदच्या रस्त्याला लागते, आणि मागें राहिलेला कालवा पुन्हा आपल्यापुढें येतो. पिरॅमिडापाशीं ‘हे गुलामांनीं बांधलें काय?’ असा प्रश्न जो तो विचारतो. कालव्यापाशीं तो कोणी विचारीत नाहीं. आणि विचारण्याची जागा खरी ही आहे. हिरॉडोटसच्या म्हणण्याप्रमाणें नाईलपासून लाल समुद्रापर्यंत नेको राजानें कालवा खणावयास घेतला तेव्हां एक लाख वीस हजार माणसें मेलीं. त्या आंकड्यावर विश्वास ठेवणें कठीण आहे. पण लेसेप्सच्या कालव्याला दंतकथेची गरज नाहीं. १८५९ त काम सुरू झालें, आणि पुढें इजिप्तच्या खेड्यांतून दरमहा वीस हजारांच्या आसपास शेतकरी वेठीला धरून आणले जात. वीस हजार खणीत, वीस हजार वाटेवर येत, वीस हजार थकून परत जात. शेतें तशींच पडत. हत्यारें अपुरीं होतीं, कित्येक जण हातांनीं चिखल उपशीत. नाईलचें गोडें पाणी आणणारा लहान कालवा तयार होईपर्यंत पिण्याचें पाणीहि उंटांवरून येई. अखेर १८६४ त ही वेठ बंद झाली. तिसऱ्या नेपोलियनच्या निवाड्यानें इजिप्तनें कंपनीला एकूण ८ कोटि ४० लक्ष फ्रँक द्यावेत असें ठरलें, आणि त्यांतील ३ कोटि ८० लक्ष वेठीचे मजूर काढून घेतल्याची भरपाई म्हणून होते. म्हणजे ज्यांच्या पाठीवर काम झालें त्यांच्याच देशानें, त्यांना घरीं पाठविल्याबद्दल दंड भरला. उरलेलें बहुतेक खोदकाम वाफेच्या यंत्रांनीं केलें. मेरेरच्या चाळीस माणसांची रोजकीर्द साडेचार हजार वर्षें टिकली. ह्या वीस हजारांतल्या कोणाचें नांव सांगावयास कोणत्याहि वाटाड्याला येणार नाहीं.

कालव्याच्या दक्षिण तोंडाशीं दिवा हातीं धरलेल्या शेतकरी स्त्रीचा प्रचंड पुतळा उभारावा, अशी योजना बार्तोल्दी ह्या फ्रेंच शिल्पकारानें खेदीव इस्माइलपुढें मांडली होती. ती मान्य झाली नाहीं. पुढें त्याच शिल्पकाराची निराळी स्त्री न्यूयॉर्कच्या बंदरांत उभी राहिली. उत्तर तोंडाशीं, पोर्ट सैदच्या लाटरोधक भिंतीवर, १८९९ त पुतळा उभारला तो लेसेप्सचा. २६ जुलै १९५६ रोजीं अध्यक्ष नासर यांनीं कालवा राष्ट्राच्या मालकीचा केल्याचें जाहीर केलें. त्या भाषणांत लेसेप्सचें नांव उच्चारलें कीं कंपनीच्या कचेऱ्या ताब्यांत घ्याव्यात, अशी खूण अगोदर ठरलेली होती. त्यानंतर इंग्रज-फ्रेंच फौजा आल्या, गेल्या, आणि डिसेंबरांत पोर्ट सैदच्या लोकांनीं सुरुंग लावून पुतळा पाडला. पुतळा पुढें दुरुस्त करून ठेविला व २०२० त इस्माइलियास हलविला. लाटरोधक भिंतीवर चौथरा तेवढा मागें राहिला. बोटीवर चढण्यापूर्वीं तेवढा पाहून घ्यावा. बंदरापासून तो दूर नाहीं.